संगणक पाठ : आधी पान ठरवा, मग ठराव लिहा



आता गटाच्या सभेत वहीच्या शेजारी मोबाईल किंवा लॅपटॉपही उघडलेला असतो. सचिव ताई सभा चालू असतानाच मुद्दे टाइप करतात, हिशोबाचा तक्ता तिथेच भरतात आणि नंतर गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन प्रिंट काढतात. लिहिणं सोपं झालं, पण प्रिंट हातात आली की खरी गंमत कळते. तक्त्याचा उजवीकडचा रकाना कापलेला असतो. अक्षर इतकं बारीक येतं की चष्मा लावूनही वाचता येत नाही. किंवा ठराव एका कागदावर आणि सह्या दुसऱ्याच कागदावर गेलेल्या असतात.

यातल्या शेवटच्या दोषाकडे नीट बघा. सह्यांचा कागद वेगळा पडला, त्यावर ठरावाची एक ओळही नाही, तारीख नाही, ठराव क्रमांक नाही. दहा जणींनी सह्या केल्या. आता त्या कागदाच्या वर कोणता ठराव जोडला जाईल? ५० हजारांच्या कर्जाचा की २ लाखांच्या? म्हणजे तो कागद कोऱ्या कागदावरच्या सह्यांसारखाच झाला. कोऱ्या कागदावर सही करायची नाही हे आपण गटात पहिल्या दिवसापासून शिकलो. पानाची मांडणी चुकली, तर तीच गोष्ट नकळत घडते.

म्हणून आजचा पाठ पानाचा आहे. कागदाचं माप, समास, उभं पान, आडवं पान आणि प्रिंट काढण्याआधीची तपासणी, एवढंच शिकायचं आहे. उदाहरणासाठी वननोट हे नोंदी ठेवण्याचं सॉफ्टवेअर घेऊ. फक्त मोबाईल असणाऱ्यांसाठी गूगल डॉक्सची रीत शेवटी दिली आहे.

१. कागदाची मापं ओळखा

दुकानात मिळणारा नेहमीचा कागद म्हणजे ए-४. तो २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर उंच असतो. मधोमध दुमडला की ए-५ होतो. सभेची सूचना किंवा छोटी पावती यासाठी ए-५ पुरतो, एका ए-४ कागदात दोन निघतात.

दुसरं माप लेटर. हे अमेरिकेत चालणारं माप आहे, २१६ मिलिमीटर रुंद आणि २७९ मिलिमीटर उंच. आपल्याकडे लेटर कागद सहसा कोणी विकत घेत नाही. पण संगणकात आणि प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ते माप पुष्कळदा आधीपासून लावलेलं असतं. घोटाळा तिथेच होतो. लेटर हे ए-४ पेक्षा १८ मिलिमीटरने बुटकं आहे. आपण ए-४ धरून पान भरलं आणि दुकानातल्या संगणकाने ते लेटर धरून तोडलं, तर खालच्या दोन-तीन ओळी पुढच्या पानावर जातात. खालच्या दोन-तीन ओळी म्हणजे कोणत्या? नेमक्या सह्यांच्या!

तिसरं माप लीगल, २१६ मिलिमीटर रुंद आणि ३५६ मिलिमीटर उंच. करारनाम्यासारखी लांब कागदपत्रं त्यावर काढतात. बँकेने किंवा कार्यालयाने लीगल मागितला असेल तरच तो घ्यावा. आधी विचारावं, मग टाइप करावं. गटाच्या रोजच्या दप्तरासाठी ए-४ हेच एक माप ठरवून टाका, म्हणजे सगळे कागद एकाच फाइलमध्ये नीट बसतील.

२. संगणकातल्या पानाला काठ नसतो

वहीच्या पानाला काठ असतो. ओळ संपली की हात आपोआप खाली येतो. वननोटचं पान तसं नाही. नवीन पान उघडलं की त्याचं माप 'ऑटो' असतं, म्हणजे आपण जेवढं लिहू तेवढं ते पसरत जातं. उजवीकडेही आणि खालीही. पडद्यावर सगळं छान दिसतं. पण प्रिंटरमधला कागद काही पसरत नाही. मग सॉफ्टवेअर एकतर मजकूर आकसून बसवतं, नाहीतर तोडून पुढच्या पानावर टाकतं.

शिवणकाम करणाऱ्या ताईंना हे लगेच कळेल. कापड किती आहे ते बघून मगच आपण कात्री लावतो. इथेही कागद किती आहे ते आधी सांगायचं.

३. वननोटमध्ये पान कसं ठरवायचं

ही रीत विंडोज संगणकावर बसवलेल्या वननोटची आहे. मोबाईलवर नोंदी लिहिल्या असतील, तर त्याच खात्याने संगणकावर वननोट उघडा, नोंदी तिथे दिसतील. मापं संगणकावरच लावा.

पायरी १ : नवीन पान उघडा. मजकूर लिहायच्या आधीच हे करायचं आहे.

पायरी २ : वरच्या पट्टीत 'व्ह्यू' वर क्लिक करा. तिथे 'पेपर साइज' दिसेल, त्यावर क्लिक करा. बाजूला एक चौकट उघडेल.

पायरी ३ : 'साइज' मध्ये 'ऑटो' असेल. ते बदलून 'ए-४' निवडा. पडद्यावर आता कागदाचा काठ दिसू लागेल.

पायरी ४ : 'ओरिएंटेशन' मध्ये उभ्या पानासाठी 'पोर्ट्रेट' आणि आडव्या पानासाठी 'लँडस्केप' निवडा.

पायरी ५ : 'प्रिंट मार्जिन्स' म्हणजे आपले समास. डावीकडे ३ सेंटिमीटर ठेवा, कारण फाइलला लावताना तिथे पंचची भोकं पडतात. समास कमी असेल तर भोक थेट सभासदाच्या नावावर पडतं. उजवीकडे दीड सेंटिमीटर, वर आणि खाली दोन-दोन सेंटिमीटर पुरे. संगणक इंच दाखवत असेल, तर अडीच सेंटिमीटर म्हणजे साधारण १ इंच असा हिशोब धरा.

पायरी ६ : त्याच चौकटीत खाली 'सेव्ह करंट पेज ॲज अ टेम्प्लेट' असं लिहिलेलं असतं. टेम्प्लेट म्हणजे नमुना पान. त्याला नाव द्या आणि जपून ठेवा. पुढच्या सभेच्या वेळी 'इन्सर्ट' मध्ये 'पेज टेम्प्लेट्स' मधून तोच नमुना घ्यायचा. दर वेळी मापं लावायची गरज नाही.

गटासाठी दोन नमुने पुरतात. एक 'ठराव – उभं पान' आणि दुसरा 'मासिक हिशोब – आडवं पान'. ते वेगळे का, ते आता पाहू.

४. हिशोबाचा तक्ता आडव्या पानावर का?

मासिक तक्त्यात साधारण हे ११ रकाने असतात : अनुक्रमांक, सभासदाचं नाव, मागील बचत, या महिन्याची बचत, एकूण बचत, मागील कर्जबाकी, परत केलेलं मुद्दल, व्याज, दंड, अखेरची बाकी आणि सही.

उभ्या ए-४ पानाची रुंदी २१० मिलिमीटर. समासाचे ४५ गेले, राहिले १६५. अनुक्रमांकाला १०, नावाला ५० आणि सहीला ३२ दिले तर ९२ संपले. उरले ७३ मिलिमीटर आणि आकड्यांचे रकाने ८. म्हणजे एका रकान्याला जेमतेम ९ मिलिमीटर. त्यात '१२,५००' हा आकडा एका ओळीत बसत नाही. तो तुटून '१२,' वर आणि '५००' खाली असा येतो. वाचणारीला तो आकडा ५०० वाटला तर?

आता आडवं पान घ्या. रुंदी २९७, समासाचे ४५ वजा केले की राहिले २५२. अनुक्रमांक, नाव आणि सही यांचे तेच ९२ वजा केले की उरले १६०. आठ रकान्यांना प्रत्येकी २० मिलिमीटर मिळतात. आकडा मोकळा बसतो.

उंचीचाही हिशोब करू. आडव्या पानाची उंची २१०, वरखालच्या समासाचे ४० गेले, राहिले १७०. गटाचं नाव, महिना आणि तारीख यांना २०, रकान्यांच्या शीर्षकांना १५, बेरजेच्या ओळीला १० असे ४५ धरा. १० सभासदांच्या गटाला प्रत्येकी १० मिलिमीटरची ओळ दिली तर १०० लागतात. खाली २५ मिलिमीटर शिल्लक राहतात, तिथे अध्यक्ष आणि सचिवांच्या सह्या. सगळं एका पानावर!

गटात सभासद जास्त असतील किंवा काही जणी अंगठा देत असतील, तर ओळ उंच करावी लागते आणि दुसरं पान घ्यावं लागतं. ते घ्यायला हरकत नाही. पण दुसऱ्या पानावर गटाचं नाव, महिना आणि रकान्यांची शीर्षकं पुन्हा लिहा. नुसते आकडे असलेलं पान कोणत्या गटाचं, कोणत्या महिन्याचं, हे सहा महिन्यांनी कोणालाच सांगता येत नाही.

वननोटमध्ये रकान्याची रेघ माउसने धरून ओढली की रुंदी कमी-जास्त होते. मिलिमीटर मोजत बसू नका, वरचे आकडे अंदाज येण्यासाठी आहेत. शेवटचा रकाना कागदाच्या काठाच्या आत आहे ना, एवढं बघा. 'अखेरची बाकी' आणि 'सही' हे रकाने उजवीकडे शेवटी असतात, म्हणून कापले गेले तर तेच आधी जातात. आणि आपल्या पैशाचा पुरावा तर तेच आहेत.

५. ठरावाचं पान : मजकूर आणि सह्या एकत्र

कर्जमागणीचा ठराव, बँकेत सह्यांचे अधिकार बदलण्याचा ठराव, पदाधिकारी बदलाचा ठराव, हे सगळे उभ्या पानावर घ्या. उभ्या ए-४ ची उंची २९७, वरखालच्या समासाचे ४० गेले की राहिले २५७ मिलिमीटर. सह्यांच्या तक्त्यात शीर्षकाची एक आणि सभासदांच्या १० ओळी धरल्या तर ११० लागतात. उरलेल्या १४७ मिलिमीटरमध्ये १२ आकाराच्या अक्षरात, ओळींत बऱ्यापैकी अंतर ठेवून, साधारण २० ओळी बसतात. गटाचं नाव, सभेची तारीख, ठराव क्रमांक, विषय, ठरावाचा मजकूर, सूचक आणि अनुमोदक यांना २० ओळी पुरेशा होतात.

सभासद २० असतील तर सह्यांचा तक्ता दोन भागांत शेजारी शेजारी करा. डावीकडे १ ते १०, उजवीकडे ११ ते २०. उंची तेवढीच लागते.

ठराव मोठा असेल आणि दुसरं पान लागलंच, तर हे चार नियम पाळा :

• सह्यांच्या पानावर ठरावाच्या शेवटच्या दोन-तीन ओळी तरी आल्या पाहिजेत.

• दोन्ही पानांवर ठराव क्रमांक, तारीख आणि 'पान १, एकूण पाने २' असं लिहा.

• पहिल्या पानाच्या खालीही अध्यक्ष आणि सचिवांनी सही करावी.

• मजकूर आणि सह्या यांच्यामध्ये रिकामी जागा उरली तर तिथे तिरकी रेघ मारा, म्हणजे नंतर कोणी ओळ घुसवू शकणार नाही.

रक्कम आकड्यात लिहा आणि अक्षरीही लिहा. ही जुनी सवय संगणकावरही सोडायची नाही.

६. प्रिंटच्या आधी पडद्यावर बघा

'फाइल' मध्ये 'प्रिंट' आणि त्यात 'प्रिंट प्रिव्ह्यू' असतं. कागद खर्च न करता प्रिंट कशी येणार ते तिथे दिसतं. पाच गोष्टी तपासा.

एक, 'प्रिंट रेंज' मध्ये 'करंट पेज' निवडा. नाहीतर शेजारची पानंही छापली जाऊ शकतात आणि त्यांचेही पैसे द्यावे लागतात.

दोन, 'पेपर साइज' इथेही ए-४ आहे का? पानाला माप लावलं तरी प्रिंटचं माप वेगळं राहू शकतं. दोन्हीकडे बघायचं.

तीन, 'ओरिएंटेशन' बरोबर आहे का? आडवा तक्ता उभ्या कागदावर जात नाही ना?

चार, 'स्केल कंटेंट टू पेपर विड्थ' या चौकोनात खूण असेल तर जास्त रुंद मजकूर आकसून कागदात बसवला जातो. थोडंसं आकसलं तर चालतं. पण समजा तक्ता ४२० मिलिमीटरपर्यंत पसरला आहे आणि कागदावर जागा २५२ मिलिमीटर आहे, तर तो ६० टक्क्यांवर येतो. १२ आकाराचं अक्षर ७ च्या आसपास दिसतं. गटातल्या वयस्कर मावशींना ते वाचता येणार नाही. आणि वाचता येत नसलेल्या कागदावर त्यांनी सही का करावी? अशा वेळी रकाने अरुंद करा किंवा तक्त्याचे दोन भाग करा.

पाच, 'फुटर' म्हणजे पानाच्या तळाची ओळ. तिथे पान क्रमांक येईल असं निवडा.

७. दुकानात जाताना

आपल्या संगणकावर पान नीट दिसलं तरी दुकानातला संगणक वेगळा असतो. तिथे आपला मराठी फॉन्ट नसेल तर ओळी सरकतात. म्हणून पान पीडीएफ करून न्या. वननोटमध्ये 'फाइल', मग 'एक्सपोर्ट', मग 'पेज', आणि प्रकारात 'पीडीएफ' निवडून 'एक्सपोर्ट' करा. पीडीएफ म्हणजे पानाचा पक्का ठसा. ओळी, रकाने आणि अक्षर जसंच्या तसं राहतं. झालेली पीडीएफ उघडून एकदा वाचून घ्या.

दुकानदार दादांना तीन गोष्टी स्पष्ट सांगा : "कागद ए-४ ठेवा. आधी एकच प्रत काढा. मी बघते, मग बाकीच्या काढा." यात लाजण्यासारखं काही नाही. पहिली प्रत हातात घेऊन उजवा काठ आणि तळ बघा. सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

आणखी एक काळजी. आपली फाइल दुकानातल्या संगणकावर तशीच राहते. तिच्यात सभासदांची नावं आणि कर्जबाकी असते. प्रिंट झाली की ती डाउनलोडमधून आणि रिसायकल बिनमधूनही आपल्यासमोर काढून टाकायला सांगा. व्हॉट्सॲप तिथल्या संगणकावर जोडलं असेल तर लॉगआउट केल्याशिवाय उठू नका. ज्या कागदावर गरज नाही तिथे आधार क्रमांक आणि पूर्ण खाते क्रमांक लिहूच नका.

८. फक्त मोबाईल असेल तर

गूगल डॉक्समध्ये कागदपत्र उघडा. वर कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवलं की यादी उघडते. त्यात 'पेज सेटअप' मध्ये कागदाचं माप ए-४ करा आणि पान उभं की आडवं ते ठरवा. 'प्रिंट लेआउट' चालू केलं की कागदावर जसं येणार तसं पान दिसतं. एरवी मोबाईल मजकूर पडद्याच्या रुंदीत बसवून दाखवतो, त्यावर विसंबू नका. काम झालं की 'शेअर अँड एक्सपोर्ट' मधून पीडीएफ करून घ्या. गूगल कीपमध्ये मुद्दे लिहिले असतील तर ते 'कॉपी टू गूगल डॉक्स' करून आधी डॉक्समध्ये आणा. ॲप नवं झालं की बटणांची जागा थोडी बदलते, पण 'पेज सेटअप' हे शब्द शोधलेत की रस्ता सापडतो.

९. नेहमी येणाऱ्या शंका

प्रश्न : आधीच सगळं लिहून झालं आहे. आता माप लावलं तर चालेल का?
उत्तर : चालेल. पण माप लावल्यावर मजकूर काठाबाहेर गेलेला दिसला तर मजकुराची चौकट आणि रकाने ओढून आत घ्यावे लागतात. म्हणून आधी पान ठरवणं सोपं.

प्रश्न : प्रिंट काढली म्हणजे वही लिहायची नाही का?
उत्तर : नियमित हिशोब लेखन हे पंचसूत्रीतलं एक सूत्र आहे. ते वहीत करायचं की संगणकावर, हे गटाने आणि ग्रामसंघाने ठरवावं. पण सही झालेला कागद दप्तरात असलाच पाहिजे. मोबाईल हरवू शकतो, बिघडू शकतो.

प्रश्न : सही झाल्यावर चूक सापडली तर?
उत्तर : संगणकात गुपचूप दुरुस्त करून नवी प्रिंट जुन्या सह्यांना जोडू नका. पुढच्या सभेत चूक वाचून दाखवा, दुरुस्तीचा ठराव घ्या आणि त्यावर पुन्हा सह्या घ्या. जुना कागदही दप्तरात राहू द्या.

गटात करून बघा

१. मागच्या तीन सभांच्या प्रिंट काढून मधोमध ठेवा. प्रत्येकीने एक कागद घ्यावा आणि सांगावं : उजवा रकाना पूर्ण आहे का? पान क्रमांक आहे का? सह्यांच्या कागदावर ठराव क्रमांक आणि तारीख आहे का?

२. पट्टीने डावा समास मोजा. भोक नावावर पडलं आहे का ते बघा.

३. सचिव ताईंनी दोन नमुना पानं तयार करावीत. दुसऱ्या एखाद्या सभासदाने ती उघडून, स्वतः प्रिंट प्रिव्ह्यू लावून दाखवावा. हे काम एकट्या सचिवालाच येत असेल तर ती बाहेरगावी गेली की गट अडतो.

४. पुढच्या ठरावावर सही करण्याआधी प्रत्येकीने विचारावं, "माझी सही ज्या मजकुरावर आहे, तो याच कागदावर आहे ना?" उत्तर 'हो' असेल तरच पेन उचलावं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तो कागद मोठ्याने वाचून दाखवावा आणि मगच अंगठा घ्यावा.